घरात बसलेली विहीर

आमच्या गोदामात बोललेला शब्द परत यायचा नाही. चारी भिंतींना छतापर्यंत रुईचे गठ्ठे लागलेले, वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन तिरपं उतरतंय आणि त्या उन्हात रुईचे बारीक कण तरंगतायत, त्यांना कुठं जायचं आहे हे त्यांनाही ठाऊक नाही. आत गेलं की रस्ता, रिक्षा, भंगारवाल्याची आरोळी, सगळं एकदम पुसलं जायचं. लहानपणी मला वाटायचं, झोप लागण्याआधी माणूस ज्या खोलीतून जातो ती हीच असणार. अजूनही डोळे मिटले की मी आधी तिथेच जाते.

अकोल्यात आमचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मध्ये पिंजण्याचं मशीन, मागे हे गोदाम, आणि गोदामामागे एक बांधीव विहीर. विहिरीसमोर आमच्या घराचं मागचं दार. अब्बा गाद्या भरायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. मी मात्र अमरावतीला वसतिगृहात राहून मराठी साहित्य घेऊन बी.ए. करत होते. "पिंजाऱ्याची पोट्टी अन् मराठी?" असं विचारणारे दोन्हीकडे होते, आमच्या मोहल्ल्यात आणि वर्गातही. त्यांना माझं एकच उत्तर असायचं, "काहून, मराठीले गादी लागत नाही का?" उत्तरात फारसा अर्थ नव्हता, पण विचारणारा गप्प बसायचा. तेवढंच मला पाहिजे असायचं.

शेवटच्या वर्षाला आमच्या मराठीच्या मॅडमच्या डोक्यात आलं की यंदा निबंध नको, पॉडकास्ट करा. दोघादोघांनी एक कादंबरी घ्यायची, तिच्यातली भाषा कुठे शब्दशः आहे आणि कुठे लाक्षणिक, यावर बोलायचं आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायचं. मॅडमचा शब्दशक्तीचा तास दुपारी जेवणानंतर असायचा. अभिधा संपेपर्यंत अर्धा वर्ग डुलायला लागायचा, लक्षणेपर्यंत उरलेला अर्धा. पॉडकास्टचं नाव काढल्याबरोबर सगळे ताठ बसले.

माझ्या जोडीला माझी वसतिगृहातली मैत्रीण होती. ती गुरुकुंज मोझरीकडची, घरी फुलांची शेती, वडील झेंडू आणि शेवंती घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचे. ती कोणालाही घाबरायची नाही आणि कोणतंही पुस्तक शेवटापासून वाचायची. आम्हाला मिळालेली कादंबरी एका कंदील दुरुस्त करणाऱ्याची होती. गावात वीज आली, कंदील बंद झाले, आणि हा माणूस रोज दुकान उघडून नुसता बसू लागला. बोलणं त्यानं सोडूनच दिलं. सगळी गोष्ट त्याची मुलगी सांगते. आणि ती बापाला बाप म्हणतच नाही. ती म्हणते, आमच्या घरात एक विहीर येऊन बसली आहे.

मॅडमनी आणखी एक अट घातली होती. कादंबरीवर नुसतं बोलायचं नाही, थोडा वेळ त्यातलं पात्र होऊनही बोलायचं, तेही आपल्या घरच्या बोलीत. कोणीतरी म्हणालं, असं कसं जमेल? मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडच्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात की नाही? सासू अशी, नणंद तशी, मला माहेरी धाडा. त्यांचं लग्न तरी झालेलं असतं का? दहा वर्षांची पोर सासुरवाशीण होऊन गाते आणि ऐकणारी बाई डोळे पुसते. तुम्हाला का नाही जमणार?"

आम्ही ती अट वहीत उतरवून घेतली.

आता मधेच मला अब्बांबद्दल सांगायला पाहिजे, कारण त्या वर्षी माझ्या मनात कादंबरी कमी आणि अब्बाच जास्त होते. ते बोलेनासे झाले होते आणि मला त्याची भीती वाटायची.

अब्बा मुळात बोलके. गिऱ्हाईक बार्शीटाकळीचं असो की धारणीहून जीपनं उतरलेलं, गादीचं माप घेण्याआधी ते त्याच्या घरची चौकशी करायचे. पोरगी कोणत्या गावात दिली, सासू कशी आहे, जावई काय करतो. त्यावरून गादी भरायची, असं त्यांचं म्हणणं. जावई आळशी असेल तर गादी जरा कडक भरायची, म्हणजे लवकर उठतो. गिऱ्हाईक हसायचं आणि हसता हसता एक उशी जास्त घेऊन जायचं. लग्नसराईत आमच्या दुकानासमोर ट्रॅक्टर लागायचे. मुलीच्या आंदणात गादी, रजई, उशा नाहीत असं लग्न वऱ्हाडात होत नसे.

मग ती वाईट वर्षं आली. बोंडअळी आली, कापसाचे भाव पडले, लग्नं सामूहिक मेळाव्यात उरकू लागली आणि आंदणात आयत्या फोमच्या गाद्या दिसू लागल्या. धंदा कमी झाला हे अब्बांनी सोसलं असतं. पण त्या वर्षांत एक जुनी रीत मोडली. घरातला माणूस गेला की त्याचं अंथरूण आमच्या भागात कोणी ठेवत नसे. गादी नदीकाठी टाकायची, नाहीतर देऊन टाकायची. ती पुन्हा पिंजाऱ्याकडे कधी येत नसे. आता यायला लागली. कोणी अकाली गेलेलं असायचं, कोणी स्वतःच्या हातानं. त्याची बायको किंवा भाऊ गादी गुंडाळून आणायचे आणि खाली मान घालून म्हणायचे, "पिंजून द्या चाचा. लेकरायच्या दोन लहान करा." नवी घेण्याची ऐपत राहिली नव्हती. अब्बा गादी उसवायचे आणि त्यांना आठवायचं, ही आपणच भरलेली, ह्याच्याच लग्नात, आणि हा आळशी म्हणून जरा कडक भरलेली.

हे मला अम्मीनं आपल्या अंदाजानं सांगितलं. अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मी सुटीत घरी आले की ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, "आली?" म्हणायचे आणि परत दाभण हातात घ्यायचे. जेवायला हाक मारली की यायचे, ताट पुढे केलं की जेवायचे. मी त्यांना कॉलेजच्या गमती सांगायची, नकला करून दाखवायची. ते माझ्याकडे पाहायचे, पण बघणं माझ्यापर्यंत पोचायचं नाही. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की त्यांनी एकदा माझ्यावर ओरडावं. बारावीत माझे मार्क कमी आले तेव्हा ओरडले होते तसं.

रेकॉर्डिंगला जागा सापडेना. वसतिगृहात बादल्या आपटायच्या, मेसमध्ये पोळ्यांचं लाटणं, आणि शांत खोली मिळाली की नेमकं कोणाच्या तरी आईचा फोन. मैत्रिणीच्या घरी तर पहाटेपासून फुलांची मापं आणि माणसांची भांडणं. शेवटी मला गोदाम आठवलं. शनिवारी आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली आणि दुपारी अकोल्यात उतरलो.

मैत्रीण गोदामात शिरली आणि दारातच थांबली. "बाप्पा!" एवढंच म्हणाली. आपला आवाज आपल्याच तोंडाजवळ विरतोय हे कळून तिनं पुन्हा एकदा म्हटलं, "बाप्पा." मग चपला काढून ती सरळ रुईच्या ढिगावर आडवी झाली. "मी आता परीक्षा देत नाही. मी इथंच राहून राहिली."

"अवं, खाजवशील रातभर."

"खाजवू दे."

आम्ही मोबाइल एका उशीवर ठेवला आणि समोरासमोर बसलो. दार लोटलं. ती दुपार माझ्या आठवणीत इतकी सावकाश आहे की तिच्यात घड्याळ नव्हतंच असं वाटतं. उन्हाचा पट्टा एका गठ्ठ्यावरून दुसऱ्या गठ्ठ्यावर सरकत होता. मैत्रिणीच्या केसांवर, पापण्यांवर रुई बसत होती, ती म्हातारी दिसायला लागली होती आणि तिला ते माहीत नव्हतं. आम्ही बोलत होतो आणि बोललेलं गठ्ठ्यांमध्ये जाऊन निजत होतं.

आधी सोपी वाक्यं घेतली. कादंबरीत एका ठिकाणी होतं, त्या रात्री गावातले सगळे कंदील एकमेकांना शोधत होते. मी म्हणाले, हे लाक्षणिक, कंदील काय शोधणार, माणसं शोधत होती. मैत्रीण म्हणाली, "तुले काय मालूम? आमच्या इथं फुलं तोडाले पहाटे चार जण चार कोपऱ्यातून निघते. माणूस दिसतच नाही, कंदीलच दिसते. पायणाऱ्याले जसं दिसलं तसं त्यानं लिवलं. शब्दशःच हाय थे."

मला ते पटलं आणि पटलेलं आवडलं नाही. मग मी विहिरीवर आले. मी म्हणाले, विहीर म्हणजे बापाचं मौन. खोल, गार, आणि हाक मारली की आपलाच आवाज परत देणारं. हे मी फार आवडीनं पाठ करून ठेवलेलं वाक्य होतं. मैत्रीण म्हणाली, "मंग शेवटच्या प्रकरणात पोरगी त्या इहिरीत पोहरा सोडते, तो काय मौनात सोडते का?"

शेवटचं प्रकरण मी वाचलं नव्हतं. तिनं ते आधीच वाचलं होतं. ती हसायला लागली. "पाय पाय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईन!" मीही हसले, आणि ते हसणं रेकॉर्ड झालेलं आहे, मॅडमनी ते ठेवून द्यायला सांगितलं. शेवटच्या प्रकरणात असं होतं की मुलगी खरोखर घरामागच्या विहिरीवर जाते, पोहरा सोडते, पाणी काढते आणि बापाच्या पायांवर ओतते. विहीर तिथे विहीर होती आणि बाप बाप. कादंबरीभर एकात एक मिसळलेले दोन अर्थ त्या पानावर वेगळे झाले होते. मैत्रीण म्हणाली, "म्हणून मी शेवट आधी वाचते. मंग मधात काई झालं तरी भेव लागत नाही."

मग पात्र होऊन बोलायची वेळ आली. ती म्हणाली, तू बोल, तुझा आवाज बरा आहे. मी डोळे मिटले. समोर कागद होता, त्यावर मुद्दे होते, पण मी ते पाहिले नाहीत. मी बोलू लागले.

"आमच्या घरात एक इहीर येऊन बसली हाय. थे सकाळी उठते, चाय पिते, दुकानात जाऊन बसते. लोकायले वाटते माह्या बाप बसला हाय. मले मालूम हाय, थो नाही. मी वाकून पायते, तर खाली माह्यंच तोंड दिसते. मी हाक मारते, तर माह्यीच हाक परत येते. मले रोज वाटते, एखाद्या दिवशी मी उठीन अन् बाप पुरा आत गेलेला असन. कोनी तरी या. माह्या बापाजवळ बसा. मी लहान हाय, मले एकटीले धरवत नाही."

शेवटची तीन वाक्यं कादंबरीत नाहीत. ती माझ्या तोंडून कशी आली मला माहीत नाही. मी कंदीलवाल्याच्या मुलीचं बोलत होते की माझं, हे आजही मी नीट सांगू शकत नाही. डोळे उघडले तेव्हा मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिनं माझ्या गालावरची ओली रुई काढली.

सोमवारी आम्ही ते मॅडमना दिलं. मॅडमनी कौतुक केलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. मैत्रिणीला माझं ते बोलणं इतकं आवडलं होतं की तिनं तेवढाच तुकडा कापून आपल्या स्टेटसला लावला. आधीची चर्चा नाही, कादंबरीचं नाव नाही, नुसती मी आणि इहीर. तिच्याकडून तो आमच्या वर्गातल्या अकोल्याच्या एका मुलीकडे गेला, तिच्याकडून तिच्या आत्याकडे, आणि आत्या राहायची आमच्या मोहल्ल्यात. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. राईचा पर्वत व्हायला आमच्याकडे वेळ लागत नाही, आणि इथे तर राईसुद्धा माझ्याच आवाजात होती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अमरावतीला सुखात होते. अम्मीचे फोन मात्र विचित्र यायला लागले.

"अवं, लोकायले झालं तरी काय? अचानक सगळ्यायले उशा पायजेत."

"चांगलंच हाय ना अम्मी."

"अवं पण घेऊन जात नाहीत! माप सांगतात, अन् अब्बाजवळ बसून रायतात. न्हावी तर दुकान बंद करून येऊन बसते. रोज!"

दुसऱ्या दिवशी फोन आला की विहिरीवरची बादली आणि दोर गायब. त्यानंतरच्या दिवशी कळलं, समोरची भाजीवाली बाई अम्मीचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली आणि जाताना मेथीची जुडी देऊन गेली, पैसे न घेता. अम्मी म्हणाली, "मले तर वाटून राहिलं, मले काई बिमारी झाली हाय अन् सगळ्यायले मालूम हाय, मलेच नाही." मी हसले. आमच्या मोहल्ल्याला काहीतरी झालंय खरं, असं मनात आलं, पण त्या दिवसांत मी स्वतःच्या आवाजावर खूष होते. मी पुन्हा पुन्हा स्वतःलाच ऐकत होते.

शनिवारी घरी गेले. दुकानात कोणी नव्हतं, मशीन बंद. मागून माणसांचा आवाज येत होता. मी घरातून मागच्या दारी गेले, तर विहिरीभोवती अर्धा मोहल्ला. मध्ये एक हातगाडी, तिच्यावर लोखंडी सळयांची मोठी जाळी, आणि शेजारच्या गल्लीतले वेल्डिंगवाले काका मापाची फीत घेऊन विहिरीच्या काठावर बसलेले. अम्मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. अब्बा जरा बाजूला, लुंगीवर, हातात चहाचा कप तसाच.

"काय चाललं हे?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. न्हावी चाचांचे डोळे भरून आले. "आली माह्यी माय," ते म्हणाले. "बेटा, तू बोलली थे लय चांगलं केलं. आमी ऐकलं. सगळ्यायनं ऐकलं. आता घाबरू नको. आमी हाओ ना."

मला तरीही कळेना. मग भाजीवाल्या मावशीनं मोबाइल काढला आणि माझ्याच आवाजात माझं बोलणं लावलं. आमच्या घरात एक इहीर येऊन बसली हाय. एखाद्या दिवशी मी उठीन अन् बाप पुरा आत गेलेला असन. कोनी तरी या. गोदामात निजलेला तो आवाज भर दुपारी मोहल्ल्यात उभा राहिला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या वर्षांत आमच्याकडच्या लोकांना एक गोष्ट शिकावी लागली होती. कोणाचा बाप गप्प झाला आणि त्याच्या पोरीच्या तोंडून विहिरीचं नाव निघालं, तर अर्थ विचारत बसायचं नाही. आधी दोर उचलायचा, बादली उचलायची, फवारणीच्या औषधाचा डबा लपवायचा, माणसाजवळ जाऊन बसायचं, आणि मग बोलायचं. मोहल्ल्यानं नेमकं तेच केलं होतं. न्हाव्यानं धंदा सोडला होता, मावशीनं मेथी दिली होती, वेल्डिंगवाल्या काकांनी पैशाचं नाव न काढता जाळी बनवली होती.

मला इतकं ओशाळायला झालं की मी घाईघाईनं बोलत सुटले. "चाचा, अहो ते कादंबरीतलं आहे! आमच्या अभ्यासाचं. ती एका कंदीलवाल्याची गोष्ट आहे. मी त्याची पोरगी होऊन बोलले. मॅडमनी सांगितलं होतं, पात्र होऊन बोला. विहीर म्हणजे खरी विहीर नाही, ते लाक्षणिक आहे." मी 'लाक्षणिक' असं म्हटलं आणि समोरचे चेहरे पाहून पुन्हा वऱ्हाडीत सांगितलं, "भुलाबाईच्या गाण्यासारखं. गाणारी पोट्टी, पण सासू तिची नाही."

ते मात्र सगळ्यांना लगेच कळलं. आधी मावशी हसल्या, मग न्हावी चाचा, मग सगळेच. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. "मी तं चार दिस झाले, ह्यायच्या मागं मागं फिरून राहिलो," चाचा म्हणाले. "संडासाले गेले तरी बाहेर उभा!" मावशी म्हणाल्या, "मंग माह्यी मेथी दे परत!" इतक्या दिवसांचं सगळ्यांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं होतं. अम्मीही पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आलं, आणि सुटल्यासारखं वाटलं.

वेल्डिंगवाले काका फीत गुंडाळत उठले. त्यांनी जाळीकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं. "मंग हे नेऊ का वापस, भाऊ?" त्यांनी हसत विचारलं. "किताबातल्या इहिरीले जाळी कुठं बसवू?"

अब्बांनी चहाचा कप काठावर ठेवला. ते दोन पावलं पुढे आले, विहिरीच्या पलीकडच्या कोपऱ्याशी गेले, जिथे बांधकामाचा दगड निखळला होता. वाकून त्यांनी तिथे हात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "आनली तं बसवून टाका. अन् भाऊ, ह्या कोपऱ्यात एक पट्टी अजून टाका. इथून माणूस जाते."

हसणं बंद व्हायला क्षणही लागला नाही. काका गुडघ्यावर बसले, त्यांनी कोपऱ्यातल्या फटीत हात घालून पाहिला, खांद्यापर्यंत. "हो भाऊ," ते हळूच म्हणाले. "जाते." त्यांनी खिशातून खडू काढला आणि दगडावर खूण केली. न्हावी चाचा अब्बांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, अगदी खांद्याला खांदा लावून.

मी धावत गेले आणि अब्बांचा हात धरला. हाताला रुई होती, नेहमीसारखी. मी रडत होते, लहानपणी रडायचे तशी, नाक गळेपर्यंत.

"रडू नको बेटा," अब्बा म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचं पाहणं माझ्यापर्यंत येत होतं. "मी यायचो इथं. बसायचो. मंग अंदरून तुह्या अम्मीच्या भांड्यायचा आवाज आला का परत जायचो."

अम्मी दारातून खाली आली होती. तिचा पदर डोक्यावरून सरकला होता आणि तिनं तो सावरला नाही. ती अब्बांच्या अगदी समोर उभी राहिली. तिला राग आला होता, इतका राग मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"आता सांगून राहिलो ना," अब्बा म्हणाले.

आणि ते सांगू लागले. कोणाची गादी, कोणत्या गावची, लग्नात तो नवरदेव काय म्हणाला होता, आतली रुई उसवली तेव्हा कशी निघाली. तेवढ्यात काकांनी वेल्डिंग सुरू केलं आणि त्या कर्कश आवाजात पुढचं मला ऐकू आलं नाही. अम्मीला मात्र येत होतं. ती त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन उभी होती.